पाच जणांचा वर्ग

आमच्या सरांचा फळा छताजवळ होता. जमिनीवर उभं राहून त्यावर लिहायचं तर माणूस ताडमाड हवा, आणि सर होते पाच फुटांच्या जरासेच वर. म्हणून ते स्टुलावर चढून शिकवायचे. दोन ओळी लिहायच्या, उतरायचं, स्टूल पुढे सरकवायचं, पुन्हा चढायचं. आम्ही खाली बाकांवर माना वर करून बसलेले. महाडात कुणालाही विचारलं, "गणिताचे सर कुठे राहतात हो?" तर आधी उलट प्रश्न यायचा, "कोण, स्टूलवाले?" आणि मग गल्ली दाखवली जायची.

कारण महाडकराला सांगावं लागत नाही. एका वर्षी सावित्री नदीच्या पुराचं पाणी सरांच्या घरात डोक्याच्या वर चढलं आणि त्यांची आयुष्यभराची पुस्तकं चिखलात गेली. चिखल काढून झाल्यावर सरांनी भिंतीवर पाण्याच्या खुणेवर एक सरळ रेघ मारली आणि घरातली एकूण एक वस्तू त्या रेघेच्या वर नेली. फळा, घड्याळ, देव, विजेची बटणं, सगळं. खुंटीवरचा सदरा काढायलासुद्धा स्टूल लागायचं. त्यांच्या बायको तेव्हा होत्या. "आता मलापण वर टांगा म्हणजे झालं," असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. पुढे त्या आजारपणात गेल्या आणि त्यांचा फोटो त्याच रेघेच्या वर लागला. सर ही गोष्ट सांगायचे तेव्हा हसायचे, पण फोटोकडे बघायला त्यांना मान वर करावी लागायची आणि ती बराच वेळ तशीच राहायची.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कशेडीकडच्या डोंगरातल्या वाडीवरची. आमच्याकडे भीती खालून येत नाही, वरून येते. पावसाळ्यात रात्री दगड सुटल्याचा आवाज आला की आई आम्हाला उठवून दाराशी बसवायची. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला! "म्हणजे झोरे, तुझं उणे वर आणि माझं उणे खाली. शून्य कुठे मांडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. हे ज्याला समजलं त्याला निम्मी भूमिती आली." मला त्या दिवशी भूमिती आली नाही, पण आमच्या दरडीला गणितात जागा आहे हे ऐकून बरं वाटलं.

बारावीला मला गणितात चांगले गुण होते. त्याच पावसाळ्यात वडील गेले. मग म्हशी, गवत, दूध, पुन्हा म्हशी. अशी तीन वर्षं गेली. धाकटा भाऊ मुंबईला जायला टपून बसला होता आणि दोघांपैकी एकाला तरी आईजवळ राहणं भाग होतं. अशात पुण्याच्या विद्यापीठात गणिताच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश परीक्षा असते, हे मला कळलं. मी आईपाशी विषय काढला. तिने दूध काढता काढताच ऐकलं. "एक खेप बघ गो," ती म्हणाली. "झालं तर तू जा, तो राहील. नाय झालं तर तू हाय इथं नि तो जाईल. मग पुन्यांदा नाव काढायचं नाय." भावानेही मान हलवली. त्याला खात्री होती की माझं होणार नाही. खरं सांगायचं तर मलाही तीच खात्री होती, कारण तीन वर्षांत अपूर्णांकांची साधी बेरीज करतानाही माझा हात अडखळायला लागला होता.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले. विद्यापीठात गणित घ्यायला निघालेल्या मुलांसाठी ते दर उन्हाळ्यात घरीच उजळणी वर्ग घ्यायचे. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं, "उजळणी म्हणजे विसरलेलं आठवणं नव्हे. ते पुस्तकात असतंच. उजळणी म्हणजे चुकीचं पाठ झालेलं विसरणं." मी मनात म्हटलं, अरे देवा, मला तर बरोबर-चूक दोन्ही विसरायला झालंय! पण बोलले नाही. मी तेव्हा काहीच बोलत नसे.

त्या वर्षी आम्ही पाच जण होतो. कदम भयंकर घाईचा. समीकरण दिसलं की दोन्ही बाजूंना भागून मोकळा. उतेकर दोन-चार आकडे घालून बघायचा आणि "बरोबर येतंय की सर" म्हणून टाळी वाजवायचा. सकपाळ पाचाडची, तिच्या घरच्यांची गडाच्या पायथ्याला खानावळ होती. तिला पुस्तकातलं पानच्या पान पाठ. आणि दासगावचा मोरे. तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि दिवसातून एकदा तरी शांतपणे म्हणायचा, "सर, नाही कळलं." सर लगेच स्टुलावरून उतरून त्याच्याजवळ जायचे. मला त्या मोरेचा हेवा वाटायचा. वाडीवरच्या पोरीने "नाही कळलं" म्हटलं की लोकांना कसा आनंद होतो, तो मी शाळेत पाहिला होता. "वाटलंच होतं" असं तोंडावर म्हणत नाहीत, एवढंच.

महिन्याभरात वर्ग विरघळला. कदमला कारखान्यात नोकरी लागली. उतेकरला त्याच्या मामाने मुंबईला नेलं. सकपाळच्या खानावळीत सुट्टीची गर्दी, तिला घरून सोडेनात. मोरे का यायचा थांबला ते मात्र कधीच कळलं नाही. एका सकाळी मी आले तर बाकांवर कुणीच नाही. वाटलं, आता सर म्हणणार, "झोरे, एकटीसाठी काय वर्ग चालवायचा, बंद करू." सर स्टुलावर चढले आणि हजेरी घ्यायला लागले. कदम. उतेकर. सकपाळ. मोरे. प्रत्येक नावानंतर थांबत होते. शेवटी "झोरे" म्हणाले. मी "हजर" म्हटलं. तो आवाज त्या रिकाम्या खोलीत उगाचच मोठा झाला.

मग त्यांनी एक समीकरण लिहिलं, क्ष-वर्ग बरोबर क्ष, आणि कदमच्या बाकाकडे बघून म्हणाले, "हं कदम, सांग." मीही त्या बाकाकडे पाहिलं. "झोरे, कदम आलेला नाही. त्याचं उत्तर तू दे. तुझं नको, त्याचं. तो काय म्हणाला असता?" मला हसूच फुटलं. म्हटलं, "तो दोन्हीकडे क्षने भागेल आणि क्ष एक म्हणून मोकळा होईल." "शाबास! आता त्याची समजूत घाल." मग मी त्या रिकाम्या बाकाला सांगितलं की बाबा रे, क्ष शून्य असेल तर त्याने भागता येत नाही, आणि शून्य हेही उत्तर आहे, ते तू घाईत हरवलंस. सर स्टुलावर बसून कान देऊन ऐकत होते. "चूक करणारा कुणी नसला की वर्ग वांझोटा होतो," असं त्यांचं म्हणणं होतं. "मला एकट्याने बरोबर असण्यात काय गंमत?"

तेव्हापासून रोज आमचा पाच जणांचा वर्ग भरायला लागला. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर दोघांनाही वेड लागलंय म्हणाला असता. एकदा सरांनी एक सूत्र दिलं, कुठलाही आकडा घाला, मूळ संख्या मिळते. मी उतेकर होऊन आकडे घालत सुटले. एक घातला, दोन घातला, दहा घातला, वीस घातला, येतेय की! "सर, सिद्ध झालं," मी उतेकरसारखी टाळी वाजवली. "चाळीस घाल," सर म्हणाले. घातला, आणि सूत्र आपटलं. सरांना इतकं हसू आलं की त्यांना स्टूल धरावं लागलं. "एकोणचाळीसपर्यंत उतेकर बरोबर होता बरं का. आयुष्यात एवढा वेळ बरोबर असलेल्या माणसाला समजावणं फार अवघड."

माझं खरं काम व्हायचं ते मोरेच्या नावावर. विद्यापीठातल्या गणिताचं ते पहिलंच दार असतं ना, एखादी गोष्ट दुसरीच्या 'जवळ जाते' म्हणजे नक्की काय, तिथे मी तीन दिवस अडकून पडले. माझ्या तोंडून शब्द निघेना. चौथ्या दिवशी म्हटलं, "सर, मोरेला नाही कळलं." सर लगेच उतरले, शेवटच्या बाकापाशी गेले आणि रिकाम्या बाकाला समजावू लागले, "हे बघ मोरे, समोर एक खडूस माणूस बसलाय असं समज. तू म्हणतोस जवळ जातं, तो विचारतो किती जवळ? तू सांगतोस, तो म्हणतो अजून जवळ हवं. तो कितीही खडूसपणा करो, प्रत्येक वेळी तुझ्यापाशी उत्तर तयार पाहिजे. एवढंच आहे." बोलताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मोरेला कळलं. त्या उन्हाळ्यात मोरेला पुष्कळ गोष्टी कळल्या.

जूनच्या शेवटी वाडीच्या रस्त्यावर दरड आली आणि दोन दिवस मला खाली उतरता आलं नाही. मोबाइलला रेंज नव्हतीच. तिसऱ्या दिवशी चिखल तुडवत रस्त्याला लागले, पोलादपूरहून एसटी धरली आणि भिजलेल्या कपड्यांनी वर्गात शिरले. फळा भरलेला होता. सर म्हणाले, "ये. काल-परवाचं लिहून घे." मी म्हटलं, "सर, पण कुणीच नव्हतं ना?" "होते की. कदमने घाई केली. सकपाळने पान म्हणून दाखवलं. मोरेला नाही कळलं." मग फळ्याकडे बघत म्हणाले, "झोरेला येत होतं. पण तिने हात वर केला नाही." मी मान खाली घालून लिहायला घेतलं. त्या रिकाम्या खोलीत, वर पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, हा माणूस दोन दिवस माझ्याही वाट्याचं बोलत बसला होता.

सरांचा मुलगा बंगळूरुला होता. जुलैत दोन दिवसांसाठी आला. चांगला माणूस. वडिलांना स्टुलावर चढलेलं पाहून त्याचा चेहराच उतरला. "बाबा, फोनवर तर पाच जण म्हणाला होतात," तो म्हणाला. सर वरूनच म्हणाले, "ही पाच जणांची कामं करते." मी निघाले तेव्हा तो माझ्यामागून गल्लीपर्यंत आला. "तुमची परीक्षा कधी आहे? म्हणजे, घाई नाही करत हो. पण तुमची परीक्षा झाली की इथलं घर बंद करून माझ्याकडे यायचं कबूल केलंय त्यांनी. गेली तीन वर्षं मागे लागलोय. इथे ते एकटे पडले तर कुणाला कळायचंसुद्धा नाही." त्याचं काहीच चुकत नव्हतं. एसटीत बसल्यावर मला पहिल्यांदा नीट समजलं की सरांच्या महाडात राहण्याला आता माझ्याशिवाय दुसरं कारण उरलेलं नाही, आणि मला तर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी माझं कशातच लक्ष लागेना. शेवटी म्हटलं, "सर, मोरे विचारतोय, झोरे नापास झाली तर चालेल का?"

सर स्टुलावरून उतरले. खडू ठेवला, हात झटकले आणि मोरेच्या बाकावर जाऊन बसले. "मोरेला सांग, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही." मग बाकावरची खडूची धूळ पुसली. "आणि झोरेला सांग, मी एकटा आहे तो तिच्यामुळे नाही. ती गेल्यावर जेवढा एकटा असेन, तेवढाही तिच्यामुळे नसेन. दोन गणितं एका पानावर करू नयेत, झोरे. दोन्ही चुकतात." मी रडले. सरांनी रडू दिलं. मग उठून पुन्हा स्टुलावर चढले आणि म्हणाले, "हं उतेकर, पुढचं सांग."

परीक्षेच्या पेपरात मला कदम भेटला, उतेकर भेटला. एका प्रश्नाला तर सकपाळचं पाठ केलेलं पानसुद्धा कामी आलं. यादी लागली तेव्हा माझं नाव होतं. आईने शब्द पाळला. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच माझी पेटी डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणली. "जा गो बाय," आई म्हणाली, "म्हशी काय मरत नाय तुझ्यावाचून."

पुण्याच्या वाटेवर मी महाडला उतरले. सरांच्या घरात खोकी बांधून ठेवली होती. सगळ्या वस्तू खाली आल्या होत्या आणि भिंतीवर नुसती ती रेघ उरली होती. सरांच्या पत्नीचा फोटो मुलाने आधीच गुंडाळून बॅगेत ठेवला होता. सरांनी मला बाकावर बसवलं, स्टुलावर चढले आणि शेवटची हजेरी घेतली. मी "हजर" म्हटलं. मग त्यांनी फळा पुसला. पाया पडले तेव्हा म्हणाले, "तिथे शंभर जण असतील वर्गात. सगळ्यांना कळल्यासारखं दिसेल. फसू नकोस."

अगदी तसंच झालं. विद्यापीठातला फळा सगळ्या जगासारखा खाली होता, आणि पहिले कितीतरी दिवस माझी मान आपोआप त्याच्या वर, कोऱ्या भिंतीकडे जायची. शेजारच्या मुली विचारायच्या, काय बघतेस गं? काय सांगणार? एवढ्या गर्दीत मला इतकं एकटं वाटायचं, की त्यापेक्षा महाडची ती चार रिकामी बाकं भरलेली होती असं वाटे. रात्री जेवण झालं की खोलीत मी मनातल्या मनात हजेरी घ्यायचे आणि मगच वही उघडायचे.

एके दिवशी प्राध्यापकांनी एक सिद्धता लिहिली आणि विचारलं, "समजलं सगळ्यांना?" शंभर माना हलल्या. माझा हात वर गेला. "सर, मला नाही कळलं." वर्ग वळून बघायला लागला. प्राध्यापकांनी फळ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "मधली एक पायरी राहिलीच की." मागून दोघं-तिघं पुटपुटले, आम्हालाही नव्हतं कळलं.

संध्याकाळी मी बंगळूरुला फोन लावला. सरांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मोरेच्या नावाने?"

"नाही सर. माझ्या."

"हं," ते म्हणाले. एवढंच. पण मग त्यांना किती तरी वेळ खोकला येत राहिला, आणि तो सगळाच खोकला नव्हता.

हिवाळ्यात सर गेले. छातीचं दुखणं निघालं आणि चार दिवसांत आटोपलं. मुलाने फोन केला तेव्हा तोच मला धीर देत होता. मग म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं होतं. त्यांना करमावं म्हणून मी घरात फळा आणला होता. फळा बसवायला आलेल्या माणसाने तो भिंतीवर नेहमीसारखा लावला, तर बाबा चिडले. वर घ्या, म्हणाले, अजून वर. मी म्हटलं, बाबा, अहो आपण अकराव्या मजल्यावर आहोत, इथे कुठलं पाणी? पण ऐकेनात. शेवटी छताजवळ लावला. स्टूल मी त्यांना देत नव्हतो. त्यामुळे त्यावर ते एक अक्षरही लिहू शकले नाहीत. नुसते वर बघत बसायचे." आणि मग तो रडायला लागला, आणि मला त्याची समजूत घालावी लागली.

अजूनही रोज रात्री माझा वर्ग भरतो. कदम घाई करतो, उतेकर टाळी वाजवतो, सकपाळ पान म्हणून दाखवते, मोरेला कळत नाही. प्रत्येकाच्या वाट्याची चूक मी करते आणि दुरुस्त करते. सर गेल्यावर त्यांचंही नाव मी हजेरीत घेतलं, पण कितीतरी दिवस त्यांच्या वाट्याची चूक काही मला सापडेना. आता सापडली आहे. अकराव्या मजल्यावर त्यांनी फळा महाडच्या पुराच्या रेघेच्या वर लावून घेतला.

ती मात्र मी दुरुस्त करत नाही. मान वर करते आणि "हजर" म्हणते.